साहेब नसले की रिजेक्शन का वाढतं?

पत्र:

सप्रेम नमस्कार. भोसरी एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी प्रॉडक्शन मॅनेजर आहे. तीन शिफ्ट, साठ-पासष्ट माणसं, त्यातली निम्म्याहून जास्त कंत्राटी. गिअरबॉक्सला लागणारे पार्ट आम्ही करतो. दीड वर्षापूर्वी मी रुजू झालो तेव्हा रिजेक्शन, म्हणजे बाद होणारे पार्ट, चार टक्क्यांवर होतं आणि कस्टमरचे फोन रोजचे. मी मागं लागून, रात्री-अपरात्री फेऱ्या मारून ते दीड टक्क्यावर आणलं. रोज सकाळी मीटिंग घेतो. पार्ट कुणाच्या हातून गेला ते नाव घेऊन सगळ्यांसमोर विचारतो, त्यामुळं धाक राहतो. मालक खूश झाले आणि त्यांनी मला दोन महिने रांजणगावच्या नव्या युनिटला पाठवलं. परत आलो तर आकडा साडेतीनवर! वर कंप्रेसरच्या खोलीमागं गोणपाटाखाली झाकलेला रिजेक्ट पार्टचा क्रेट सापडला. ज्यांना मी आपली माणसं समजत होतो त्यांनीच हे केलं, याचा फार मनस्ताप झाला.

मशीनचं सेटिंग लावून देणारा आमचा मुख्य सेटर कामाला एक नंबर, पण तोंड वाईट. पोरं त्याला टरकून असतात. कुणी काही बोललं की सोडून जाईन म्हणतो. कंत्राटी मुलं सात महिन्यांनी बदलतात, पुन्हा पहिल्यापासून शिकवा, तो ताप वेगळाच.

मालकांनी आता ‘हाय परफॉर्मन्स कल्चर’ हा विषय धरलाय. मोटिव्हेशनल स्पीकर, लोणावळ्याला दोन दिवस आणि शिफ्टनिहाय इन्सेंटिव्ह असा त्यांचा बेत आहे. जानेवारीपासून दोन्ही युनिट तूच बघ, असंही म्हणताहेत. मी असलो की चालतं, नसलो की ढासळतं. दोन ठिकाणी मी एकटा कसा पुरणार? टिकेल असं काही उभं कसं करू? आणि जानेवारीला हो म्हणू का?
– एक प्रॉडक्शन मॅनेजर, पिंपरी-चिंचवड

उत्तर:

तुमच्या पत्रात मालक, लोणावळा, सेटर, इन्सेंटिव्ह असं पुष्कळ आहे, पण मी अडकलो तो गोणपाटाखालच्या क्रेटपाशी. तुम्हाला त्यात दगा दिसला. मला रात्रपाळीचा एक पोरगा दिसतो.

रात्रीचे अडीच वाजलेत असं धरा. मुलाला लागून तीन महिने झालेत. ड्रॉइंगवर बोअर, म्हणजे पार्टमधलं भोक, आहे २५ एच-७, म्हणजे २५ मिलिमीटरच्या वर फार तर २१ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि खाली शून्य. इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, झिजत आलाय, त्यामुळं बोअर हळूहळू लहान येत चाललाय. सेटर जनरल शिफ्टचा, तो घरी. सुपरवायझर शॉपच्या दुसऱ्या टोकाला गिअरचे दाते पाडणाऱ्या हॉबिंग मशीनपाशी अडकलाय. मुलगा धीर करून स्वतःच ऑफसेट देतो, म्हणजे टूल किती सरकवायचं तो आकडा मशीनला भरतो, आणि जरा जास्तच देतो. दर दहाव्या पार्टला बोअर गेज लावायचं अशी पद्धत असेल, तर त्याला कळेपर्यंत दहा पार्ट निघालेले असतात, सगळे २५.०३ चे. लहान राहिलेला बोअर परत मारून घेता येतो. मोठा झालेल्या बोअरवर इलाज नाही, ते भंगारात.

आता त्याच्या डोक्यात काय चालू असेल? सांगितलं, तर सकाळी तुम्ही सगळ्यांसमोर नाव घेणार. सेटर आईमाई उद्धरणार. ठेकेदाराच्या कानावर गेलं तर ‘सोमवारपासून येऊ नको’. आणि नाही सांगितलं तर? गोणपाट आहेच. कदाचित कधीच कुणाला कळणार नाही. त्याचा हिशेब चुकलाय असं मला काही म्हणवत नाही. तुमच्या शॉपमध्ये आज सांगणं महाग पडतं आणि लपवणं स्वस्त. तो स्वस्तातलं घेतो, एवढंच.

तुम्ही जागेवर होता तेव्हा असं घडत नव्हतं, अशी तुमची खात्री दिसते. माझी नाही. खात्री करून घ्यायचा सोपा मार्ग तुमच्या हातात आहे. मागच्या वर्षभरात फोर्जिंग (मशीनवर घ्यायचा घडीव कच्चा माल) किती आलं, डिस्पॅच किती गेलं, रिजेक्शनच्या रजिस्टरला किती लागलं आणि शॉपवर आत्ता किती पडलंय, याचा मेळ घाला. स्टोअरवाल्याला सोबत घेतलंत तर एका रविवारचं काम आहे. मेळ बसला तर तुमचा दीड टक्का खरा. नाही बसला, तर दीड टक्क्याचा काही भाग तेव्हाही कुठंतरी झाकलेला होता आणि तुमच्या फेऱ्यांनी पार्ट सुधारण्यापेक्षा झाकायची जागा बदलली. हे वाचून राग येईल, पण मालकांपुढं जायच्या आधी हा आकडा तुम्हाला ठाऊक असलेला बरा.

एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधक बाईंनी १९९० च्या दशकात रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. जिथं टीम चांगली, तिथं चुका कमी असतील असा त्यांचा साधा अंदाज होता. आकडे उलटे आले. चांगल्या टीमच्या वॉर्डात नोंदलेल्या चुका जास्त! खोलात गेल्यावर कळलं की तिथल्या नर्स चूक झाली की बोलत होत्या आणि बाकीच्या वॉर्डांत तोंडाला कुलूप होतं. त्यामुळं कमी आकडा बघितला की खूश होण्याआधी तो कुठून आला हे विचारावं. तुमच्या मालकांनाही हे कधीतरी चहावर सांगा.

आता तुमच्या धंद्यातलं उदाहरण. कॅलिफोर्नियात फ्रेमाँट इथं जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना होता. बदनाम. रोज पाचातला एक माणूस कामावर नाही, अचानक संप, ड्युटीवर दारू, गाड्यांचा दर्जा असा की कंपनीला लाज वाटावी. १९८२ मध्ये तो बंद केला. दोन वर्षांनी टोयोटा आणि जनरल मोटर्सनी भागीदारीत तोच कारखाना ‘नुमी’ या नावानं उघडला. कामगार बहुतेक जुनेच, युनियनही तीच. टोयोटानं त्यांना तुकड्या-तुकड्यांनी जपानला ताकाओकाच्या कारखान्यात शिकायला नेलं. १९८४ च्या डिसेंबरात गाड्या निघू लागल्या आणि थोड्याच काळात त्यांचा दर्जा जपानमध्ये बनणाऱ्या गाड्यांच्या तोडीचा झाला. गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली.

तुम्ही म्हणाल, शिस्त लावली असणार. लावलीच, पण शिस्त कसली ते बघा. जुन्या कारखान्यात पहिला नियम होता की काहीही होवो, लाइन थांबता कामा नये. इंजिन उलटं बसलं तरी गाडी पुढं ढकला, नंतर यार्डात दुरुस्त करू. नुमीत प्रत्येक कामगाराच्या डोक्यावर दोरी होती. शंका आली, मागं पडलो, काही चुकलं की ओढायची. दोरी ओढल्या ओढल्या लाइन थांबत नसे. धून वाजायची, दिवा लागायचा आणि दर पाच-सात जणांमागं एक असलेला टीम लीडर धावत यायचा. त्याचं पहिलं काम मदत करणं. ठरावीक टप्प्यापर्यंत सुटलं नाही तरच लाइन थांबायची.

त्या दोरीच्या गोष्टी सगळीकडे सांगतात. तिच्यामागची दुसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. नुमीनं युनियनबरोबरच्या करारात लिहून दिलं होतं की कंपनीच्या अस्तित्वावरच बेतल्याशिवाय माणसं कमी करणार नाही, आणि तशी वेळ आलीच तर आधी वरच्यांचे पगार कापू. १९८८ च्या सुमारास गाड्या खपेनात. कारखाना बऱ्याच कमी क्षमतेवर चालत होता, तरी कुणाला घरी पाठवलं नाही. रिकाम्या हातांना ट्रेनिंग दिलं, मशीनच्या सुधारणेची कामं दिली. दोरी ओढणाऱ्या माणसाला हे पक्कं ठाऊक होतं की ही ओढली म्हणून आपली भाकरी जाणार नाही. जनरल मोटर्सनं पुढं आपल्या इतर कारखान्यांत तीच पद्धत नेली. लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नायसला टीम वगैरे सगळं केलं, पण तिथं ती रुजली नाही आणि १९९२ मध्ये तो कारखाना बंद पडला. (नुमीही पुढं २०१० मध्ये बंद झाला. जनरल मोटर्स दिवाळखोरीत निघाल्यावर भागीदारीतून बाहेर पडली आणि टोयोटानं एकट्यानं चालवायला नकार दिला. चांगली टीम मालकांच्या ताळेबंदापासून वाचवत नाही, हेही माहीत असू द्या.)

तुमच्याकडे सुरुवात सकाळच्या मीटिंगपासून करा. ‘कुणाच्या हातून गेलं?’ हा प्रश्न उद्यापासून बंद. त्याऐवजी विचारायचं की कधी कळलं, कळल्यावर कुणाला हाक मारली आणि तो किती मिनिटांत आला. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऑपरेटरनं द्यायचं नाही, सुपरवायझरनं द्यायचंय. म्हणजे सकाळी घाम फुटलाच तर तो योग्य माणसाला फुटेल.

मग तो क्रेट बाहेर काढा. कुणी ठेवला याची चौकशी अजिबात करू नका, ती मोहात पाडणारी आहे तरी. टेबलावर पार्ट मांडा, तिन्ही शिफ्टच्या ऑपरेटरांच्या हातात गेज द्या आणि त्यांनाच वेगळे करू द्या. मोठे बोअर किती, चाटर (टूल थरथरल्याच्या खुणा) किती, फेसवर हाताळणीचे डाग किती. माझा अंदाज आहे की निम्म्याहून जास्त ढीग एकाच प्रकारात पडेल. तो ऑफसेटचा निघाला तर उपाय साधे आहेत. मशीनलाच टूल लाइफचा काउंटर लावा, म्हणजे इतके पार्ट झाले की इन्सर्ट बदलल्याशिवाय पुढं चालणार नाही. रात्री ऑपरेटरनं पाच मायक्रॉनपर्यंतच ऑफसेट द्यायचा, त्याच्या वर सुपरवायझर हवाच. इन्सर्ट शेवटाला आला की गेज दर दहाऐवजी दर तिसऱ्या पार्टला. हे नियम त्यांच्या तोंडून आले पाहिजेत. तुम्हाला आधीच सुचले असतील, तरी तोंड मिटून बसा.

म्हणजे सगळं माफ, असा अर्थ लावू नका. काही मॅनेजर हे ऐकून एकदम साधुसंत होतात आणि सहा महिन्यांत शॉपचा बाजार करून ठेवतात. मशीन थांबवलं म्हणून कधीच मेमो नाही, पार्ट गेला आणि सांगितलं म्हणून मेमो नाही. पण गेज न लावता रिपोर्टवर रीडिंग भरलं, किंवा पार्ट लपवला, तर पहिल्या वेळी समज आणि दुसऱ्या वेळी कारवाई. रीडिंग बसल्या जागी भरणारे तुमच्याकडेही असतील. एकाच पेनानं, एका दमात लिहिलेला कॉलम नजरेला लगेच कळतो. ही रेघ एकदा सगळ्यांना स्पष्ट सांगा आणि तिच्यावर ठाम राहा. पोरांना कडकपणाचा त्रास होत नाही, कधी कशावरून फटका बसेल याचा अंदाज नसण्याचा होतो.

आता तुमच्या सुपरवायझरांविषयी. तुमच्या पत्रात सेटर आहे, मालक आहेत, कंत्राटी मुलं आहेत. सुपरवायझर एका ओळीतही नाहीत. तिघे असतील ना? तुम्ही दीड वर्ष रात्रीच्या फेऱ्या मारल्यात आणि त्यात ते तिघे निरोपे झाले. साहेब स्वतः येऊन बघतात म्हटल्यावर त्यांनी बघायचं कशाला? तुम्ही रांजणगावला गेलात तेव्हा शॉपमधून एक माणूस गेला नाही, चार गेले. ‘मी नसलो की ढासळतं’ याचं कारण मला तरी इथं दिसतं.

त्यांना अधिकार द्या, आणि तो दिसेल असा द्या. संशयास्पद माल रोखायचा, गाडी गेटवर थांबवायचा हक्क शिफ्टच्या सुपरवायझरला लेखी. कागद देणं सोपं आहे. खरी गोष्ट पहिल्यांदा तो हक्क वापरला जाईल तेव्हा होते. सेकंड शिफ्टचा सुपरवायझर संध्याकाळी सातला टेम्पो थांबवेल, कारण शेवटच्या दोन क्रेटचा त्याला भरवसा नाही. चाकणहून कस्टमरचा माणूस तुमच्या मोबाईलवर ओरडेल की लाइन थांबेल आमची. मालकही मधेच फोन करतील. तेव्हा तुमच्या तोंडून ‘जाऊ दे रे आजच्या दिवस’ निघालं, तर तो कागद त्याच मिनिटाला रद्दी. शॉपमधले सगळे त्या वेळी हातातलं काम करत असल्यासारखे दिसतील, पण कान तुमच्या फोनकडे असतील. कस्टमरला सांगा, दोन तास द्या, शंभर टक्के तपासून पाठवतो. मग स्वतः खाली जाऊन त्या सुपरवायझरबरोबर उभं राहून पार्ट मोजा. तपासून सगळे पार्ट चांगले निघाले, तरी ‘उगाच थांबवलीस’ हे शब्द काढायचे नाहीत. उलट सकाळच्या मीटिंगला त्यालाच सांगू द्या की शंका कशी आली. आणि ती मीटिंग पुढच्या महिन्यापासून सुपरवायझरांनी घ्यायची. तुम्ही मागं उभे राहा.

सेटरचं दुखणं जुनं आहे आणि जवळजवळ प्रत्येक शॉपमध्ये आहे. त्याची सगळी सेटिंग खिशातल्या डायरीत असणार, बरोबर? तो सोडून जाईन म्हणतो कारण त्याला ठाऊक आहे की ती डायरी म्हणजे त्याचा फंड आहे. त्याला धमकावून उपयोग नाही आणि लाडावूनही नाही. त्याच्याशी एकट्यानं बसा, त्याच्या हाताच्या कौशल्याला मान द्या आणि सरळ व्यवहार मांडा. दोन जोडीदार वर्षभरात तयार केले, तर पद वाढेल, पगारात इतकी वाढ होईल आणि रात्री-अपरात्री घरी फोन येणं बंद होईल. शेवटचा मुद्दा कमी समजू नका, पन्नाशीच्या सेटरला रात्रीच्या झोपेचं मोल पगाराइतकंच असतं. शिव्यांचं मात्र वेगळं. शॉपमध्ये आवाज चढतो, तोंडातून जातं, तेवढं चालायचंच. पण मदतीला हाक मारली म्हणून पोराची आई काढली, तर त्याच दिवशी, त्याच शिफ्टमध्ये तुम्ही बोललं पाहिजे. भिंतीवर कितीही बोर्ड लावा, मुलं ठरवतात ते हाक मारल्यावर काय ऐकू आलं त्यावरून. एवढं सगळं करूनही तो बदलला नाही तर? जाऊ द्या. महिना-दीड महिना वाईट जाईल. त्याच्या भीतीनं तुमच्याकडे रोज किती पार्ट गोणपाटाखाली जाताहेत, ते तुम्ही रविवारी मोजलेलं असेलच.

जोडीदार तयार करण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. आपल्याकडे टिकलेल्या कर्तबगारीचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे मुंबईचं क्रिकेट. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग १५ वर्षं रणजी करंडक मुंबईकडे. एवढ्या काळात कर्णधार बदलले, खेळाडूंची पिढी बदलली. कर्णधाराच्या भाषणांवर १५ वर्षं निघत नाहीत. माझ्या मते श्रेय मैदानांना आहे. १९४८ मध्ये सुरू झालेली कांगा लीग भर पावसाळ्यात खेळतात, ओल्या, उसळत्या, कधी मांडीपर्यंत चेंडू न येणाऱ्या खेळपट्ट्यांवर. तिथं कॉलेजचा पोरगा कसोटी खेळून आलेल्याच्या शेजारी स्लिपमध्ये उभा राहायचा. विकेट फेकून आलास तर तंबूत कोण काय म्हणेल, हे त्याला विशीच्या आत कळलेलं असायचं. खडूसपणा म्हणतात तो असा शेजारच्याकडून अंगात उतरला. १९७२-७३ ची फायनल मुंबईनं मद्रासला पद्माकर शिवलकरांच्या जोरावर जिंकली, १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ बळी. या गृहस्थांना भारताकडून एकही कसोटी खेळायला मिळाली नाही, तरी मुंबईसाठी ते वर्षानुवर्षं तसेच टाकत राहिले. पुढच्याच मोसमात कर्नाटकनं सेमीफायनलला मुंबईला हरवलं, तो भाग वेगळा.

तुमच्याकडे मात्र शेजारचाच सात महिन्यांत निघून जातो. पत्रात तुम्ही हे ‘वेगळाच ताप’ म्हणून एका वाक्यात उरकलंय. मला तो मूळ ताप वाटतो. कायद्याचे हक्क लागू होतात ते २४० दिवस भरू द्यायचे नाहीत म्हणून सातव्या महिन्यात ब्रेक, हे चाकण-भोसरी पट्ट्यात कुणाला समजावून सांगायला नको. पण मग ‘टिकणारं कल्चर’ कुणाच्या अंगात टिकायचं? भिंतीच्या? ज्या मुलाला दिवाळीनंतर आपण इथं नसणार हे लागतानाच माहीत आहे, तो तुमच्या बोअरसाठी नाव खराब करून का घेईल? नुमीनं आधी नोकरीची हमी दिली आणि मग दोरी ओढायला सांगितलं. तुम्ही दोरी तेवढी मागताय.

हा निर्णय तुमच्या हातात नाही, मान्य. मालकांना तो दयेचा म्हणून सांगू नका, पैशाचा म्हणून सांगा. नव्या मुलाचं पहिल्या दोन महिन्यांतलं रिजेक्शन, मोडलेले इन्सर्ट, ठोकलेली टरेट (मशीनचं टूल धरणारं डोकं), सेटरचे त्याच्यामागं गेलेले तास आणि कस्टमरकडे जाऊन सॉर्टिंग करायला पाठवलेल्या माणसांचा खर्च, हे एका कागदावर मांडा. शेजारी सगळी नाही, पण क्रिटिकल मशीनवरची आठ-दहा मुलं कंपनीच्या रोलवर घेतली तर येणारा खर्च लिहा. कोणती मुलं घ्यायची ते सुपरवायझरांना विचारून ठरवा. एखाद्या मुलानं रात्री मशीन थांबवून हाक मारली होती आणि तो रोलवर आला, हे बाकीच्यांनी बघितलं की तुम्हाला वेगळं काही सांगावं लागणार नाही. तोवर कंत्राटी मुलांचे सेफ्टी शूज, चहा आणि कँटीनचा डबा बाकीच्यांसारखाच आहे ना, एवढं तरी तपासा. ते तुमच्या सहीवर होतं.

मालकांच्या बेताबद्दल थोडक्यात. लोणावळ्याला जरूर जा, भजी खा, पोरांना एक दिवस मोकळं वाटेल. त्याच्याकडून जास्त अपेक्षा नको. स्पीकरचे पैसे बोअर गेजच्या दुसऱ्या सेटवर घातले तर मला आनंद होईल. शिफ्टनिहाय इन्सेंटिव्ह मात्र हात जोडून थांबवा. एका शिफ्टचं बक्षीस दुसऱ्या शिफ्टच्या उरावर निघतं. झिजलेला इन्सर्ट तसाच पुढच्या शिफ्टला सोडून जायचं, खराब पार्ट त्यांच्या ट्रॉलीत सरकवायचे, हे खेळ महिन्याभरात सुरू होतील. द्यायचंच असेल तर पूर्ण शॉपला एकच, कस्टमरकडून परत न आलेल्या मालावर, आणि कंत्राटी मुलांनाही त्यात धरून.

मालकांना आणखी एक गोष्ट आधी सांगून ठेवा, जमल्यास लेखी. हे सगळं सुरू केलंत की रजिस्टरमधलं रिजेक्शन वाढेल. तीन महिने तरी वाढेल, कदाचित साडेचारच्याही वर जाईल, कारण झाकलेलं वर येईल. त्या वेळी मालकांनी ‘हे काय चाललंय?’ म्हणून शॉपमध्ये येऊन आरडाओरडा केला तर सगळं पाण्यात. त्यांना बघायला दुसरे आकडे द्या: फोर्जिंगचा मेळ किती जवळ आला, कस्टमरकडून परत किती आलं, रात्री किती वेळा मशीन थांबवून हाक मारली गेली आणि सुपरवायझर सरासरी किती वेळात पोचला. कस्टमरकडून परत येणारा माल आधी कमी होईल, तुमचं आतलं रिजेक्शन त्याच्या मागून.

राहता राहिला जानेवारी. आत्ता लगेच हो म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका. मालकांकडे अट घाला की तिघांतल्या एका सुपरवायझरला भोसरीचा शॉप इनचार्ज करा, पद आणि पगारासह, आणि ते ऑक्टोबरपासून. डिसेंबरमध्ये आठवडाभर गावी जा. खरंच जा, मोबाईलवर शॉपचा व्हॉट्सॲप ग्रुप म्यूट करून. जाण्याआधी इनचार्जला सांगा की काहीही झालं तरी निर्णय तुझा, मला आल्यावर सांग. आल्यावर आकडा बघण्याआधी त्याला विचारा, आठवड्यात काय काय बिघडलं? त्यानं तुम्हाला घडाघडा चार-पाच भानगडी सांगितल्या, प्रत्येकीत काय केलं तेही सांगितलं, तर रांजणगाव घ्या. ‘काही नाही साहेब, सगळं एकदम ओके’ असं उत्तर आलं, तर मालकांकडून एप्रिलपर्यंत मुदत मागून घ्या.